केअर होममध्ये सिस्टर म्हणून टिकायचं कसं

हॉस्पिटल सोडून केअर होमला जॉइन झालेल्या सिस्टर महिन्याभरात एक गोष्ट हमखास बोलतात, की इथे इमर्जन्सी कमी, सलाईनं कमी, डॉक्टरांचे राउंड कमी, तरी रूमवर गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही इतकं थकायला होतं. नवल काहीच नाही त्यात. हॉस्पिटलमध्ये पेशंट येतो, आठ दिवसांत बरा होतो, जाताना पेढे देऊन जातो. इथे डिस्चार्ज नावाचा प्रकारच नाही. तेच वीस-पंचवीस आजीआजोबा, तीच शुगर, तोच आरटी फीड (नाकातल्या नळीतून जेवण), तेच डायपर, आणि तुम्ही कितीही जीव लावून केलंत तरी पार्किन्सनवाले आजोबा सहा महिन्यांनी आजच्यापेक्षा कमीच चालणार. नर्सिंगचा जीएनएम कोर्स असो की एएनएम, शिकताना आपल्या डोक्यात बरं करणं एवढंच बसलेलं असतं, इथे बिघडू न देणं हेच काम असतं, आणि जे बिघडलं नाही ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्षभर बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही म्हणून कुणी पेढे देत नाही, एकदा झाला की मात्र सगळे विचारतात.

मी पुण्यातल्या अशाच एका सेंटरला आहे. आमच्याकडच्या बऱ्याचशा पोरी नांदेड, लातूर, यवतमाळकडच्या, घरापासून लांब, सेंटरच्याच रूमवर राहणाऱ्या. म्हणजे ड्युटी संपली तरी वॉर्डातला आवाज भिंतीपलीकडून येतोच. अशा पोरींना सिनियर लोक सांगतात की मन घट्ट कर, रडू नको, होईल सवय. माझं मत विचाराल तर हा सल्ला सरळ सोडून द्या. जी सिस्टर टिकते ती काही दगड झालेली नसते, तिने आपल्या ड्युटीची मांडणी नीट केलेली असते आणि काही गोष्टी वेळेत बोलून टाकलेल्या असतात, एवढंच. पुढचं सगळं त्या मांडणीबद्दल.

आधी स्वतःकडे बघायला शिका. बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्यावर, काम करणाऱ्या क्रिस्टिना मॅस्लाक यांनी 1981 साली जी मोजपट्टी मांडली त्यात तीन गोष्टी आहेत, आतून रिकामं झाल्यासारखं वाटणं, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघायला लागणं, आणि आपल्या कामाला काही अर्थच नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउट आपल्या यादीत घेतला तोसुद्धा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हे कुणी तुम्हाला 'तू नाजूक आहेस' म्हणालं तर लक्षात असू द्या. तिन्हींपैकी केअर होममध्ये दुसरी खूण सगळ्यात आधी दिसते आणि आपली आपल्याला दिसत नाही. कुलकर्णी आजींचं फीड झालं का असं विचारणारी सिस्टर एक दिवस चार नंबरचं फीड झालं का म्हणायला लागते, मग डायपर बदलताना आजींशी न बोलता त्यांच्या अंगावरून पलीकडच्या मावशींशी (मदतनीस बायांशी) गप्पा मारते. हे दिसलं की समजायचं, सुट्टी हवी आहे. मैत्रिणीत दिसलं तर टोमणा मारू नका, चहाला बाजूला घेऊन जा.

आता कंबर. हो, मनाच्या आधी कंबर, कारण पाठ दुखत असताना कुणाचाही स्वभाव गोड राहत नाही. साठ-सत्तर किलोच्या आजोबांना एकटीने काखेत हात घालून वर ओढणं बंद म्हणजे बंद. त्यात तुमची कंबर जाते आणि त्यांचा खांदाही निखळू शकतो. खांद्यापासून मांडीपर्यंत ड्रॉ शीट (पेशंटखालची आडवी चादर) टाकून ठेवायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायची, एक-दोन-तीन म्हणून सरकवायची, उचलायचं नाही. बेडची उंची कमी-जास्त होत असेल तर कमरेइतकी आणायची. होत नसेल तर वाकताना गुडघे वाकवायचे आणि पाय फाकवून उभं राहायचं. अर्धांगवायूच्या पेशंटला खुर्चीत घेताना व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचा, पायाच्या पट्ट्या वर करायच्या. हे सगळं ट्रेनिंगमध्ये झालेलं असतं, पण ड्युटीवर मावशी दुसऱ्या मजल्यावर असतात, आजोबा खाली घसरलेले असतात आणि आपण म्हणतो चला एकदा ओढून घेते. ते एकदा महागात पडतं. दर दोन तासांची पोझिशन (कूस बदलणं) आणि डायपर एकाच फेरीत बसवा, रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा, मावशींना बरोबर घेऊनच, म्हणजे त्यांना दहा वेळा हाक मारावी लागत नाही आणि त्याही कुरकुरत नाहीत.

नाईटबद्दल थोडक्यात. जेवण ड्युटीच्या आधी, मध्यरात्री वडापाव नको, चहा पहाटे तीननंतर नको नाहीतर सकाळी झोप लागत नाही. रूममध्ये जाड पडदा लावा आणि घरच्यांना सांगून ठेवा की दुपारी दोनच्या आत फोन करू नका, आईला सुद्धा. सलग नाईट लागल्या असतील तर सकाळी डुलक्या घेत स्कूटी चालवू नका, रिक्षा करा नाहीतर तासभर पडून मग निघा. आणि नाईट करून डबल ड्युटी म्हणून डे ला थांबा असं रोज कुणी म्हणायला लागलं तर ती अडचण राहिली नाही, ती त्यांची पद्धत झाली, त्याबद्दल खाली लिहिलंय.

सगळ्यात जास्त दमवतं ते डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याचा आजार, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्याकडे एक आजी आहेत, संध्याकाळी पाच वाजले की दोन साड्या आणि डबा ओढणीत बांधून गाठोडं काखेला मारून दारात येऊन उभ्या राहतात आणि विचारतात सातारची एसटी लागली का. नवीन आलेली पोरगी प्रामाणिकपणे सांगते की आजी तुमचं साताऱ्याचं घर विकलंय, तुम्ही आता इथेच राहता. झालं, आजी हंबरडा फोडतात, आणि उद्या पाचला पुन्हा तेच, कारण त्यांना काही लक्षात राहिलेलं नसतं, लक्षात राहतो तो फक्त त्या पोरीबद्दलचा राग. वाद घालायचाच नाही. गाडीला वेळ आहे अजून, तोवर एवढी मेथी निवडून देता का, असं म्हणायचं आणि खरोखर मेथीची जुडी हातात द्यायची. आजी खुर्चीत बसतात, देठ खुडता खुडता साताऱ्याच्या घराबद्दल बोलतात, त्यांच्या सासूबाई मेथी कशी करायच्या ते सांगतात, आणि जुडी संपेपर्यंत गाठोडं बाजूला पडलेलं असतं. हे फसवणं आहे का असा प्रश्न मला पूर्वी खूप विचारला गेलाय. माझं उत्तर असं की त्यांना एसटी नकोच असते, त्यांना आपलं माणूस आणि आपलं काम हवं असतं, आणि ते आपण दिलेलं असतं.

दिवस मावळताना होणारी ही बेचैनी बऱ्याच डिमेन्शियावाल्यांना होते, त्यामुळे तिची तयारी आधीच करता येते. साडेचारला चहा-बिस्किट, पाचच्या आत सगळ्यांना एकदा बाथरूमला नेणं, अंधार पडायच्या आधी दिवे लावणं, आणि टीव्हीवरच्या भांडणाच्या बातम्या बंद, त्यापेक्षा अभंग बरे. मावशींची चहाची सुट्टी नेमकी पाचला असेल तर ती इनचार्जशी बोलून चारला करून घ्या. एवढ्या एका बदलाने संध्याकाळची निम्मी ओढाताण जाते, मी खोटं सांगत नाही.

आंघोळीला मारतात, चिमटे काढतात, थुंकतात, तेव्हा राग येतो. यायचाच. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा, अनोळखी बाई कपडे काढतीये, गार वारा लागतोय, डोक्यावरून अचानक तांब्या. कुणीही मारेल. पाणी आधी पायावर, मग हातावर, डोकं शेवटी नाहीतर दुसऱ्या दिवशी, अंगावर टॉवेल तसाच ठेवून खालून धुवायचं, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायची. तरी हात उगारला तर एक हात लांब, थोडं तिरकं उभं राहा, काम सोडा, पंधरा मिनिटांनी परत या, जमलं तर दुसऱ्या सिस्टरला पाठवा. आज आंघोळ झाली नाही तर आकाश कोसळत नाही, स्पंजिंग करा आणि चार्टवर तसं लिहा.

आणि एक अगदी महत्त्वाचं. कालपर्यंत नीट असलेल्या आजी आज अचानक बडबडायला लागल्या, रात्रभर ओरडल्या, ट्यूब ओढली, तर 'मुद्दाम करतायत' असं मनात यायच्या आधी लघवीचा रंग-वास बघा, पोट साफ कधी झालं ते बघा, पाणी किती गेलं, नवीन गोळी सुरू झाली का, ताप, शुगर, ऑक्सिजन बघा आणि डॉक्टरांना कळवा. म्हाताऱ्या माणसात युरिन इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं कित्येकदा असंच वेड्यासारखं वागण्यातून दिसतं, ताप असेलच असं नाही. यात पेशंटचा जीव वाचतो हे तर आहेच, पण तुमचं मनही वाचतं, कारण जे वागणं आजारामुळे आहे हे कळतं त्याचा राग रूमवर बरोबर येत नाही.

एका बाबतीत मात्र समजूतदारपणा दाखवायचा नाही. आजोबा नको तिथे हात लावतात, घाण बोलतात आणि सगळे म्हणतात 'अगं म्हातारे आहेत, सोडून दे'. मेंदूच्या आजारात काही लोकांचा ताबा सुटतो हे खरं, पण म्हणून तुम्ही सहन करायचं असं कुठे लिहिलेलं नाही. तिथे दोघींनी जायचं किंवा ब्रदरला (पुरुष नर्सला) पाठवायचं, तारीख-वेळ घालून लिहून द्यायचं, डॉक्टरांच्या कानावर घालायचं. त्रास नातेवाईकाकडून किंवा स्टाफपैकी कुणाकडून असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते.

नातेवाईक. यांच्यावर वेगळं पुस्तक होईल. महिन्यातून एकदा येणारी मुलगी चादरीवरच्या डागावरून तासभर भांडते आणि रोज येणारा जावई काहीच बोलत नाही, हे तुम्ही पाहिलेलं असेल. आईला इथे ठेवावं लागलं याची टोचणी असते, ती स्वतःवर काढता येत नाही म्हणून सिस्टरवर निघते. हे कळलं तरी ऐकून घेताना त्रास होतोच, तर काही नियम करून ठेवा. स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा नाही, सेंटरचाच द्यायचा, नाहीतर अमेरिकेतला मुलगा त्याच्या दुपारी म्हणजे आपल्या रात्री दीडला व्हिडिओ कॉल लावतो. फोनची वेळ ठरलेली असावी, सकाळच्या राउंडनंतर. आणि वाईट बातमी लपवायची नाही, उशीरही करायचा नाही. आजोबा पडले तर त्याच तासात फोन, आणि सांगायचा क्रम असा की "बाबा सव्वासहाला बाथरूमच्या दाराशी पडले, शुद्धीवर आहेत, बोलतायत, कपाळावर छोटी जखम आहे, बीपी घेतलंय, डॉक्टरांना कळवलंय, अर्ध्या तासात मी परत फोन करते". आणि खरंच अर्ध्या तासात करायचा, सांगायला नवीन काही नसलं तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेलं साधं समजायचं नाही, हे डॉक्टरांना स्वतःहून आठवण करून द्या. मुलगा ओरडला तर ओरडू दे, त्यावेळी खुलासे देऊ नका, "तुमची काळजी बरोबर आहे, काय झालं ते लिहून ठेवलंय, इनचार्जसोबत बसून बोलू" एवढं पुरे. शिव्या सुरू झाल्या की फोन इनचार्जकडे. ते तिचं काम आहे, तुमचं नाही.

आणि आता मृत्यू, जो इथे येणारच.

दोन वर्षं ज्यांच्या तोंडात रोज घास भरवला त्या आजी पहाटे जातात, नऊ वाजता त्यांचे कपडे पिशवीत भरले जातात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बेडवर नवीन माणूस. सिस्टरने कुठे रडायचं? हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून ते आधी ठरवून ठेवायचं. शेवटच्या दिवसांत असलेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये आधीच लिहून घ्या, कुणाला पहिला फोन, हॉस्पिटलला हलवायचं की इथेच ठेवायचं हे डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून काय ठरलंय, तोंडात तुळशीपत्र-गंगाजल घालायचं का, कुठली साडी, परदेशातल्या मुलाची वाट बघायची आहे का, नेत्रदानाचा फॉर्म भरलाय का. यातलं नेत्रदान ऐनवेळी सगळे विसरतात आणि नंतर घरचे हळहळतात. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला आणि घरच्यांची हो असली की लगेच आय बँकेला फोन, पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. पंखा बंद करणं ही बारीक गोष्ट आहे पण त्या क्षणी हाताला काहीतरी नेमकं काम मिळतं, आणि मी पाहिलंय की जिला असं काम असतं ती सिस्टर कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिस्टरपेक्षा लवकर सावरते.

नंतरचंही तसंच. अंग पुसून तयार करणाऱ्या दोघींना त्यानंतर लगेच जेवण भरवायला पाठवू नका, अर्धा तास तरी द्या. त्याच दिवशी दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसा, मावशी आणि मामांनासुद्धा घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच दिलेला असतो आणि त्यांना कुणी विचारत नाही. बोलायचं काय तर आजींबद्दल, त्या कशा चिडायच्या, चहात साखर कशी चोरून घालायला लावायच्या. हसू आलं तर हसा. खूप जीव लागलेला असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर वैकुंठ स्मशानभूमीत जाऊन या, ऑफ नसेल तर दोन तास मागून घ्या. बाकीच्या आजीआजोबांना 'गावी गेल्या' असं सांगू नका, ज्यांना समजतं त्यांना ते लगेच समजतं, आणि मग ते आपल्याही बाबतीत असंच खोटं बोलतील म्हणून घाबरतात. शेजारच्या बेडवरच्या मैत्रिणीला शेजारी बसून, हात धरून खरं सांगा.

जीव लावू नका असं मी म्हणणार नाही, ते जमतही नाही. आजी नात म्हणतात तर म्हणू दे. फक्त पैसे घ्यायचे नाहीत, दागिने सांभाळायला घ्यायचे नाहीत, आणि 'मी तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही' असं वचन द्यायचं नाही. नोकरी बदलताना ते वचनच पाय ओढतं.

स्वतःच्या जिवाचं. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस झालेत का बघा, शून्य, एक आणि सहा महिने. इन्सुलिनच्या सुईला परत टोपण लावायचं नाही, सुई थेट डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, लगेच इनचार्जला सांगा आणि सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत मिळालं तर उत्तमच, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा असतो. आजी म्हाताऱ्या आहेत, त्यांना काय असणार, हा विचार करू नका. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि सेंटर ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) येत असेल तर कार्ड मागून घ्या, पगारातून कापले जातात तर वापरा तरी.

दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, ड्युटीच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडतं, किंवा मरून जावंसं वाटतं, तर 14416 ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि औषधांच्या ट्रॉलीतली झोपेची गोळी 'एकच घेते' म्हणून घेतली असेल, तर त्याच दिवशी कुणालातरी सांगा. ओरडतील या भीतीने गप्प बसलेल्या पोरींचं पुढे जास्त वाईट होतं.

आता शेवटचा भाग, जो मॅनेजमेंटला आवडणार नाही. वर सांगितलेलं सगळं केलं तरी रात्री तीस पेशंटना एक सिस्टर आणि एक मावशी असेल तर तुम्ही मोडणारच, तिथे प्राणायामाचा काही उपयोग नाही. बेडसोअर कसा टाळायचा हे माहीत असून हात पुरत नाहीत म्हणून तो होताना बघणं, यापेक्षा वाईट काही नसतं या नोकरीत. अशा वेळी तोंडी कुरकुर करू नका. रजिस्टरला लिहा, आज नाईटला एवढे पेशंट, त्यातले एवढे बेडरिडन (अंथरुणाला खिळलेले), स्टाफ एवढा, अमुक वाजताची पोझिशन झाली नाही. रोज लिहा, भाषा साधी ठेवा, कुणावर आरोप नको, आणि त्याचा फोटो काढायचा नाही कारण त्यात पेशंटची माहिती असते, त्यापेक्षा इनचार्जची सही घ्या. महिनाभराचं असं लिहिलेलं घेऊन दोघी-तिघींनी मिळून मालकांसमोर बसा, एकटीने नको. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर एक माणूस वाढतो, कारण पुढेमागे काही झालं तर ते रजिस्टर आहे हे त्यांनाही कळतं. नाही वाढला तर दुसरीकडे बघा, अनुभवी सिस्टरला केअर सेंटरवाले सध्या शोधत फिरतायत.

दुसरीकडे बघताना इंटरव्ह्यूलाच विचारून घ्या. नाईटला किती पेशंटना किती स्टाफ, बेडरिडन किती आणि आरटीवाले किती, रात्री डॉक्टर फोनवर की जागेवर, आठवड्याचा ऑफ ठरलेला की 'बघू', डबल ड्युटीचे पैसे वेगळे मिळतात का, राहायची रूम वॉर्डच्या मजल्यावर आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतात का (घेत असतील तर नमस्कार करून बाहेर या). मग म्हणा मला एकदा वॉर्ड दाखवा, आणि जमलं तर संध्याकाळी पाच-साडेपाचला जा. त्या वेळी मावशी कशा बोलतायत, आजीआजोबांची नखं कापलेली आहेत का, कुणी हाक मारली तर किती वेळात कोण येतं, हे दहा मिनिटं उभं राहून बघा आणि मग पगाराचं बोला.